‘साभार’ लिहिलं की सुटलो?

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की ‘काय चाललंय’च्या आधी ‘किती फूट झालं?’ येतं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदी आत्ता कुठवर आली, एवढंच सगळ्यांना हवं असतं. पेपरातला आकडा व्हॉट्सअॅपवर जातो, तिथून कुणाच्या तरी ब्लॉगवर, ब्लॉगवरून दुसऱ्या पेपरच्या वेबसाइटवर. कुणी कुणाची परवानगी घेत नाही आणि घ्यायचं कारणही नाही. नदीची पातळी कुणाच्या मालकीची नसते.

भांडण लागतं ते आकड्याशेजारच्या फोटोवरून आणि त्याच्याखालच्या चार ओळींवरून.

मी तालमी आणि कुस्तीवर ब्लॉग लिहितो. २०२१ च्या पुरात पाणी जामदार क्लबजवळ आलं तेव्हा पहाटे जाऊन काढलेला एक फोटो आणि एक छोटं टिपण मी ब्लॉगवर टाकलं. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात तो फोटो तीन कॉलम छापून आला. खाली ‘सौजन्य : सोशल मीडिया’. टिपणातली दोन वाक्यंही बातमीत जशीच्या तशी. पेपर काखेत मारून तणतणत मी एका वकील मित्राकडं गेलो. त्यानं पेपर बाजूला ठेवला, मोबाइलवर माझाच ब्लॉग उघडला आणि विचारलं, “मर्दा, ही चौदा कात्रणं कुणाची?”

पेपरांचीच होती. जुन्या-नव्या कुस्त्यांच्या बातम्या, अख्ख्याच्या अख्ख्या स्कॅन केलेल्या. प्रत्येकीखाली मी इमानदारीनं ‘साभार’ लिहिलं होतं.

“शेजाऱ्याची सायकल नेली आणि दाराला ‘आभारी आहे’ची चिठ्ठी लावली, तशातली गत,” तो म्हणाला आणि चहा सांगितला. पुढचे दोन तास त्यानं मला जे समजावलं आणि नंतर मी कायदा उघडून जे ताडून पाहिलं, ते हे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, अमलात आला २१ जानेवारी १९५८ ला. तो राखतो मांडणी. बातमी, माहिती, कल्पना राखत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे पक्कं केलं: कल्पना, विषय, कथाबीज, ऐतिहासिक घटना यांवर कुणाचा कॉपीराइट नाही, लेखकानं त्या ज्या रूपात मांडल्या त्यावर आहे. खासबाग मैदानात अमक्यानं तमक्याला आठव्या मिनिटाला घिस्सा डावावर चीतपट केलं, ही घटना. पेपरात वाचून ती मी माझ्या शब्दांत लिहिली तर पेपरवाला काही करू शकत नाही. पण त्या आठ मिनिटांत मैदान कसं श्वास रोखून बसलं होतं, माती कशी उडाली, वस्ताद कुठल्या कोपऱ्यातून काय ओरडत होते, हे बातमीदारानं ज्या वाक्यांत टिपलं ती वाक्यं राखीव.

यात बातमीदारावर अन्याय होतो का? थोडा होतो. तो उन्हात उभा राहतो, घरी बसलेला माणूस तीच माहिती दहा मिनिटांत आपल्या शब्दांत टाकतो. अमेरिकेत १९१८ साली दोन वृत्तसंस्थांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘ताज्या बातमी’ला काही काळ संरक्षण दिलं होतं. तसाच हक्क इथं क्रिकेटच्या धावसंख्येवर मागितला गेला, तेव्हा २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं तो नाकारला. मला ते बरोबर वाटतं. उद्या पुराची पातळी कुणी तासाभरासाठी आपल्या नावावर केली तर नदीकाठच्या चिखली गावातल्या माणसानं काय करायचं?

शब्द सारखे दिसले म्हणजे चोरीच झाली असंही नाही. जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट सगळ्यांकडं एकाच वेळी जाते. तिच्यातला परिच्छेद पाच पेपरांत आणि दोन ब्लॉगवर शब्दशः दिसतो, कारण सगळ्यांनी तो तिथूनच घेतलेला असतो. अशा परिच्छेदावरून दुसऱ्याला चोर म्हणणाऱ्यांनी आधी आपली मेल तपासावी. मथळ्याचंही तसंच. ‘देसी बॉइज’ या सिनेमाच्या नावावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. तेव्हा तुमचा खटकेबाज मथळा पेपरनं उचलला तर चडफडा, नोटीस पाठवू नका.

आता मालकी. इथं पेपरवाल्यांचा आणि लिहिणाऱ्यांचा सारखाच घोळ असतो. ‘पेपरात छापलं ते पेपरचं’ असं सगळे धरून चालतात. कायद्याचं कलम १७ तसं म्हणत नाही. पेपरच्या नोकरीत असलेल्या बातमीदारानं पेपरसाठी लिहिलं तर मालक पेपर, पण नियतकालिकात छापण्यापुरताच. वेगळा करार नसेल तर बाकीचे हक्क, म्हणजे त्याच बातम्यांचं पुस्तक करायचं झालं तर तो हक्क, त्या बातमीदाराचा. आणि जो नोकरीत नाही, म्हणजे राधानगरीहून किंवा गडहिंग्लजहून बातमीमागे मानधन घेणारा वार्ताहर, रविवारच्या पुरवणीत सदर लिहिणारे निवृत्त प्राध्यापक, त्यांच्या लेखनाचे मालक मुळात तेच. हक्क पेपरला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. किती सदरलेखकांकडं असा कागद आहे? मी ओळखतो त्यांतल्या एकाकडंही नाही. तरी आपलाच जुना लेख ब्लॉगवर टाकताना ते बिचारे ‘साभार’ लिहितात. स्वतःचेच आभार!

भाषणाचं आणखी वेगळं. शाहू स्मारक भवनात व्याख्यान झालं तर त्या भाषणाचा पहिला मालक वक्ता. बातमीदारानं आणि ब्लॉगवाल्यानं त्याचा वृत्तांत द्यायला हरकत नाही, ती सूट कायद्यातच आहे. पण अख्खं भाषण रेकॉर्ड करून उतरवून काढलं आणि आपल्या नावानं टाकलं, तर वक्ता दार वाजवू शकतो.

मग दुसऱ्याचं घ्यायचं किती? दहा टक्के चालतं, तीन ओळी चालतात, शंभर शब्दांच्या आत सगळं माफ, असे ठोकताळे कट्ट्याकट्ट्यावर ऐकू येतात. आपल्या कायद्यात असा एकही आकडा नाही. कलम ५२ म्हणतं की खासगी वापर आणि अभ्यास, टीका आणि समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी ‘रास्त’ वापर चालतो. रास्त म्हणजे काय, हे न्यायालय प्रकरण बघून ठरवतं. एका मल्याळी नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये तीन प्रश्न लावले आणि मला ते घरगुती तराजूसारखे वाटतात. तुमच्या भाष्याच्या मानानं उचललेला मजकूर किती आणि किती मोलाचा? तो कशासाठी घेतला? आणि तुमचं वाचून मूळ वाचायची गरज संपते का?

तिसरा प्रश्न सगळ्यात नेमका. एखाद्या दैनिकानं रंकाळ्याच्या सुशोभीकरणावर बातमी दिली, मी तिच्यातली तीन वाक्यं अवतरणात घेऊन ‘हे चूक आहे, कारण...’ म्हणत पानभर लिहिलं, खाली मूळ बातमीची लिंक दिली, तर वाचक उलट त्या बातमीकडं जाईल. मी अख्खी बातमी चिकटवून वर ‘वाचण्यासारखं!’ एवढंच लिहिलं तर वाचक माझ्याकडंच थांबला. त्या एका शब्दाला समीक्षा म्हणायची तर अवघड आहे. माझी चौदा कात्रणं या तराजूत बसत नव्हती. ‘साभार’नं उगम कळतो आणि दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून खपवल्याचा आरोप टळतो, परवानगी मात्र मिळत नाही. नाव दिलं तरी परवानगी लागते आणि परवानगी मिळाली तरी नाव द्यावं लागतं. लेखकाचा नावाचा हक्क तर कलम ५७ नं वेगळाच राखलाय; कॉपीराइट विकला तरी तो लेखकाकडं राहतो.

भाषांतराचं सांगायचं राहिलं. इंग्रजी पेपरातला लेख मराठीत उतरवून टाकणं ही आपल्याकडं समाजसेवा समजली जाते. कायद्यात भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच आहे.

ई-पेपरच्या पीडीएफची गोष्ट तर सरळच आहे. २०२० च्या टाळेबंदीत पेपर दारात यायचा बंद झाला आणि गल्लीगल्लीतल्या ग्रुपवर अख्खे अंक फिरायला लागले. ‘दैनिक जागरण’चे मालक टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मे २०२० मध्ये न्यायालयानं ते अंक पुरवणारी चॅनलं ४८ तासांत काढायला आणि ती चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. लिंक देणं आणि अंक वाटणं यातला फरक एवढ्यावरून कळावा.

आता उलट बाजू, म्हणजे पेपरनं ब्लॉगवरून उचललं तर. यात एक मेख आहे, ती बहुतेक ब्लॉगवाल्यांना माहीत नसते, मलाही नव्हती. कलम ५२ मध्येच एक पोटकलम आहे: चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख वर्तमानपत्रानं, मासिकानं पुन्हा छापला तर तो भंग धरला जात नाही, लेखकानं तसा हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तर. म्हणजे तुम्ही पूररेषेतल्या बांधकामांवर पोटतिडकीनं लेख लिहिलात आणि ब्लॉगवर कुठंच ‘पुनर्मुद्रणाचे हक्क राखीव’ असं लिहिलं नसेल, तर पेपरचा वकील हे पोटकलम पुढं करणार. एक ओळ लिहायची आहे, फुकट आहे. आजच लिहून टाका. फोटोला ही सूट लागू नाही, कारण ती ‘लेखा’पुरती आहे. कथा, कविता, मिसळीवरचा ललित लेख यांनाही नाही.

फोटो ‘सोशल मीडियावर होता’ म्हणून तो सार्वजनिक होत नाही. २०१० च्या हैती भूकंपाचे फोटो डॅनियल मोरेल या छायाचित्रकारानं ट्विटरवर टाकले होते. ते दुसऱ्याच कुणाच्या नावानं एएफपी या वृत्तसंस्थेनं आणि गेटी इमेजेसनं जगभर पाठवले. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीनं मोरेलला १२ लाख डॉलर देवविले. ‘सौजन्य : सोशल मीडिया’ हे सौजन्य कुणाचंच नसतं. सोशल मीडिया पहाटे उठून गुडघाभर पाण्यात उभा राहत नाही.

पण १२ लाख डॉलर वाचून कुणी हरखून जाऊ नये. अमेरिकेत कायद्यानंच भरपाईचा पट्टा ठरवून दिलाय: नोंदणी केलेल्या कृतीमागे ७५० डॉलरपासून, जाणूनबुजून केलेल्या भंगाला दीड लाख डॉलरपर्यंत, नुकसान सिद्ध न करता. या पट्ट्यावर तिथं एक धंदाच उभा राहिला होता. २०१० मध्ये लास वेगासच्या ‘रिव्ह्यू-जर्नल’ या दैनिकाच्या बातम्यांवरून राइटहेवन नावाच्या कंपनीनं ब्लॉगवाल्यांवर खटल्यांचा सपाटा लावला. दोनशेच्या वर. पूर्वसूचना नाही, ‘काढून टाका’ची साधी मेल नाही, थेट दावा, मागणी दीड लाख डॉलरपर्यंत, वर वेबसाइटचं नावच आमच्या ताब्यात द्या. छोटा ब्लॉगवाला घाबरून काही हजार डॉलरमध्ये मिटवून टाकी. वकील करणं त्याहून महाग पडायचं, म्हणून. मग काही जण लढले आणि करार न्यायालयासमोर आला. पेपरनं या कंपनीला बातम्यांची खरी मालकी दिलीच नव्हती, नुसता दावा लावायचा हक्क दिला होता. २०११ मध्ये न्यायाधीशांनी दावे फेटाळायला सुरुवात केली, समोरच्यांचा खर्च कंपनीच्या अंगावर आला आणि शेवटी तिच्या स्वतःच्या वेबसाइटचं नाव लिलावात निघालं. दुसऱ्यांची नावं मागायला निघालेल्याचं हे असं झालं. ऐकून आमचा वकील अजून टेबलावर हात आपटून हसतो.

आपल्याकडं असा ठरलेला पट्टा नाही. नुकसान दाखवावं लागतं, किंवा समोरच्यानं त्यातून कमावलं किती ते. त्यामुळं दोन्ही गोष्टी होतात: इथं राइटहेवन उभी राहत नाही, आणि उचललेल्या एका फोटोसाठी ब्लॉगवाल्याला मोठी रक्कमही मिळत नाही. व्हिडिओवाल्यांचा दाब वेगळ्या जागी आहे. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून लागलेले ठपके, आले की चॅनल बंद होऊ शकतो, न्यायालयाची पायरी न चढता. मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरनं जाहीर आरोप केला की काही सेकंदांच्या दृश्यांवरून दिलेले स्ट्राइक मागं घ्यायला एएनआय ही वृत्तसंस्था लाखो रुपये मागते; एएनआयचं म्हणणं, आम्ही आमचा कायदेशीर हक्क बजावतोय. त्या व्हिडिओवरून एएनआय दिल्ली उच्च न्यायालयात गेली. स्ट्राइक हा कुणाचा हक्क आणि कुणाची खंडणी, हे भांडण पुढं चालेल; पण काही सेकंदांचं दृश्य वार्तांकनासाठी वापरलं तर ते रास्त की नाही, हे यूट्यूबच्या यंत्रानं ठरवावं हे मला पटत नाही.

नोटीस आली तर काय? पहिल्यांदा घाबरू नये आणि दुसऱ्यांदा ती टोपलीत टाकू नये. जाणूनबुजून केलेला भंग हा कलम ६३ खाली गुन्हाही आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. चूक असेल तर मजकूर उतरवा आणि तसं लेखी कळवा. चूक नसेल, म्हणजे चार ओळी अवतरणात घेऊन टीका केली म्हणून कुणी पाच लाख मागत असेल, तर कलम ६० बघा. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध धमकी मिळालेला माणूसच न्यायालयात जाऊ शकतो, अशी सोय कायद्यानं ठेवलीय.

आणि नोटीस तुम्हाला पाठवायची असेल तर पुरावा आधी जमवा. मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फोटोतून काढल्याची तारीख-वेळ निघून गेलेली असते. छापील अंक जपून ठेवा. वेबसाइटच्या पानाचा पत्त्यासकट स्क्रीनशॉट घ्या आणि ते पान इंटरनेट अर्काइव्ह या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर साठवा, कारण नोटीस पोचली की पानं गायब होतात. कॉपीराइट नोंदवलाच पाहिजे असं नाही, लिहिल्या क्षणी तो तुमचा असतो. पण लेखाची नोंदणी ५०० रुपयांत होते आणि न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. दुसऱ्याच्या ब्लॉगवर किंवा फेसबुकवर तुमचा मजकूर चिकटवला असेल तर २०१३ च्या नियमांप्रमाणं त्या कंपनीला लेखी तक्रार द्यायची; तिनं ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा. मात्र २१ दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश आणून दिला नाही तर ती तो पुन्हा खुला करू शकते.

दावा लावायला मुंबईला जावं लागत नाही. तुम्ही कोल्हापुरात राहत असाल तर पेपर कुठलाही असो, इथल्या जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. मुदत तीन वर्षं. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात बसतं, तेव्हा अपिलालाही रेल्वेचं तिकीट काढायला नको.

माझ्या चौदा कात्रणांचं काय झालं ते सांगतो. त्यांतली चार १९६५ च्या आधीची होती, बातमीदाराचं नाव नसलेली. अशा बिननावी लेखनाचा कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, त्या वर्षाच्या बिननावी बातम्या २०२० उजाडताच मोकळ्या झाल्या. लेखकाचं नाव असेल तर मृत्यूनंतर ६० वर्षं मोजायची: वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०३७ च्या १ जानेवारीला सगळ्यांचं होईल. तर ती चार तशीच ठेवली. सात उतरवली आणि त्या कुस्त्यांवर माझ्या शब्दांत लिहिलं. बघितलेल्या जुन्या माणसांना गाठून लिहिल्यामुळं ते कात्रणांपेक्षा बरं झालं, असं वाचक म्हणाले.

उरलेली तीन मला सोडवेनात. माझा फोटो छापणाऱ्या त्याच दैनिकाची होती ती. मी एकाच पत्रात दोन गोष्टी लिहिल्या: माझ्या फोटोची दुरुस्ती छापा, आणि तुमच्या या तीन बातम्या मला ठेवू द्या. पंधरा दिवसांनी दुरुस्ती आली, आठव्या पानावर, निविदांच्या शेजारी, अडीच ओळींत. नाव बरोबर होतं. बातम्यांबद्दल उत्तर मेलवर आलं: अंकाची तारीख आणि बातमीदाराचं नाव द्यावं, पानाचा लोगो कापू नये. त्या तिन्ही कात्रणांखालचं ‘साभार’ खोडून मी आता ‘परवानगीने’ लिहिलंय.